आठ महिने गॅरार्ड एसपी २५ वाजवल्यावर: हिंगणघाटकडच्या एका खेड्यातून

मागच्या दिवाळीत नागपूरहून हा जुना टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं मशीन, आणला आणि पहिल्याच संध्याकाळी मोठी माय म्हणाली, "काहून रे बाप्पा, घरात चक्की लावून रायला का?" तिचं काही चुकलं नव्हतं. विकणाऱ्यानं "कंडिशन टकाटक" म्हणत साडेसहा हजार मोजून घेतले होते. घरी लावला तर गाण्याच्या मागं एका ठेक्यात ठक-ठक-ठक.

हा पट्ट्यावर फिरणारा टर्नटेबल नाही. मोटारीच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची छोटी पुली, तिला टेकलेलं रबरी चाक, आणि ते चाक वरच्या जड ताटाला आतल्या कडेनं ढकलतं. पुलीच्या तीन पायऱ्या म्हणजे मिनिटाला ३३, ४५ आणि ७८ फेऱ्यांचा वेग. मशीन बंद करताना खटका पूर्ण 'बंद'वर नेला तर चाक पुलीपासून सुटतं. आमच्याकडे येण्याआधी कोणीतरी खटका चालूवर ठेवून नुसता प्लग काढला असावा. वर्षानुवर्षं चाक पुलीवर दाबून राहिलं आणि रबराला खळगा पडला. चाकाचा तेवढा भाग पुलीवर आला की ठक.

गावात शेतपंपाच्या मोटारी भरणारा एक भाऊ आहे. त्यानं ताट उचललं, आत डोकावला आणि म्हणाला, "मोटार एक नंबर हाय भाऊ, वंगण मेलं हाय." खरंच, पन्नासेक वर्षांचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. ते रॉकेलनं धुतलं, मोटारीच्या बुशांना शिलाई मशीनचं तेल दोन-दोन थेंब दिलं, रबरी चाक ड्रिलला लावून पॉलिश पेपरनं हळूहळू सारखं केलं. मजुरी दोनशे रुपये. ठक-ठक गेली. बारीक घरघर राहिली, ती या जातीच्या मशीनला थोडीफार असतेच. हेडफोन लावला तर कळते, एरवी पंख्याच्या आवाजात बुडून जाते.

खरी डोकेदुखी लाइटीची. ज्या आठवड्यात शेताची लाइन रात्री येते, त्या आठवड्यात जेवणं उरकून तबकडी लावावी तर तिकडे सगळ्यांच्या मोटारी सुरू होतात, व्होल्टेज बसतं आणि गाणाऱ्या बाईंचा लांबवलेला सूर किंचित खाली सरकतो. बोललेलं ऐकताना कळत नाही, पण पेटीचा धरलेला सूर लगेच चुगली करतो. त्यापेक्षा वाईट माझा स्वस्तातला इन्व्हर्टर. त्यावर मोटार गुणगुणते, तापते, आणि मला तर त्यानं चक्क फसवलं. वेग तपासायला १८० रेघांची कागदी चकती मिळते. ५० हर्ट्झच्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली ३३ वर रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. इन्व्हर्टरवर रेघा जवळजवळ स्थिर दिसत होत्या आणि गाणं मात्र ढिलं! ट्यूब आणि मोटार दोन्ही त्याच इन्व्हर्टरवर. तो चुकला की दोघंही सोबतच चुकणार. तेव्हापासून मी साधा उपाय करतो: ताटाच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवायची आणि मोबाइलवर वेळ लावून फेरे मोजायचे. ३ मिनिटांत १०० फेरे झाले की ३३ १/३ पक्का.

डिसेंबर-जानेवारीत पुढच्या खोलीत कापूस भरला होता, भाव वाढायची वाट पाहत. भाव काही वाढला नाही, पण एलपीची (३३ वेगाच्या मोठ्या प्लास्टिक तबकडीची) एक बाजू संपली की सुईच्या टोकाला रुईचा वाटाण्याएवढा गोळा. आधी वाटलं सुईच गेली, आवाज असा भरडल्यासारखा. आता प्रत्येक बाजूनंतर मऊ ब्रश फिरवतो, मागून पुढे, आणि तबकडी लगेच पाकिटात.

एप्रिलमध्ये एक एलपी खिडकीच्या ओट्यावर राहिली. दुपारी ऊन आलं आणि संध्याकाळी तबकडीची परात झाली होती. काचेच्या दोन तावदानांमध्ये दाबून ठेवली आहे, फारशी आशा नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एलपी पत्र्याच्या पेटीत ठेवू नका, आडव्या रचू नका; आतल्या भिंतीच्या फडताळात उभ्या, एकीला एक टेकून.

मला सगळ्यात आवडला तो ७८ चा वेग. आजोबांच्या पेटीत नाट्यपदांच्या अकरा तबकड्या निघाल्या. एलपीच्या बारीक सुईनं त्या वाजवायच्या नसतात, ७८ ची खाच रुंद असते. माझ्या सिरॅमिक कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या भागाला, दोन टोकं आहेत, छोटी पट्टी उलटवली की जाड सुई खाली येते. पहिल्या तबकडीचा मात्र मीच घात केला. एलपी पुसतात तशी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि बोळा तपकिरी झाला, चकाकी गेली, जिथं पुसलं तिथं आता नुसती खरखर. या तबकड्या प्लास्टिकच्या नाहीत, त्यात लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. तीच लाख, जी आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला पळसावर-कुसुमावर येते. लाख येणाऱ्या मुलखाच्या इतक्या जवळ राहून मला हे तबकडी खराब करून कळावं! उरलेल्या दहा ओलसर फडक्यानं पुसतो आणि लगेच कोरड्या करतो.

रोज मागे गाणं चालू ठेवायचं असेल तर हे मशीन घेऊ नका, मोबाइल बरा. ७८ ची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, उठावंच लागतं. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्यासमोर ताट उचलून रबरी चाक बोटानं फिरवून पाहा, आणि मग भाव करा.

सुईचा हात आपोआप परत यायचा खटका अजून अर्ध्यात अडकतो. मोटारवाला भाऊ म्हणतो पेरण्या आटोपल्या की पाहू. तोवर शेवटच्या खाचेत सुई खरखरली की मोठी मायच आतून ओरडते, "संपलं पाय ना, उचल."