खोलीत उभे राहिलेले कपाट

कपाट विकत घेण्याआधी ते आपल्याच खोलीत पूर्ण आकारात पाहण्याची सोय घोडबंदर रस्त्यावरील एका फर्निचर दालनाने सुरू केली आहे. त्यांचा कर्मचारी ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा, म्हणजे खऱ्या खोलीच्या दृश्यात आभासी वस्तू मिसळून दाखवणारा, हेडसेट घेऊन आमच्या मानपाड्याच्या घरी आला आणि माझ्या 68 वर्षांच्या आईने तो सर्वांत आधी डोळ्यांवर चढवला.

मायक्रोसॉफ्टच्या 2016 मधील होलोलेन्स या अशाच हेडसेटमध्ये खरी खोली पारदर्शक भिंगांतून दिसत असे. या हेडसेटमध्ये मात्र बाहेरचे कॅमेरे खोली टिपून आतल्या पडद्यावर दाखवतात. वस्तू उचलायची तर तिच्या दिशेने हात रोखून अंगठा आणि तर्जनी जुळवायची. रांगोळी घालणाऱ्या हाताला ही चिमूट शिकवावी लागत नाही, तरीही सुरुवातीला आईच्या हाती काहीच लागेना. रांगोळीच्या सवयीने तिचा तळवा जमिनीकडे वळलेला असे, त्यामुळे बोटांची टोके तिच्याच हाताआड झाकली जात, आणि कॅमेऱ्यांना न दिसणारी हालचाल यंत्राला कळत नाही. तिने हात जरा उभा धरला, आम्ही ट्यूब लावली, आणि कपाट तिच्या चिमटीसरशी खिडकीपासून पलंगापर्यंत सरकू लागले. दार उघडले की ते पलंगाला अडते, हे मापे घेऊनही आमच्या ध्यानात आले नव्हते. तिने ते एका मिनिटात दाखवून दिले. त्या एका क्षणासाठी मी ही सेवा कोणालाही आनंदाने सुचवीन.

हात अधांतरी धरून तिचा खांदा मात्र भरून आला. अ‍ॅपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये वस्तू नजरेने निवडली जाते, त्यामुळे हात मांडीवर ठेवूनही चिमूट चालते. वयस्कर माणसांसाठी मला तीच रीत अधिक सोयीची वाटते.

खरी उणीव सेवेत होती. आईला काय दिसते आहे ते कोणालाच दिसत नसताना कर्मचारी “काकू, डावीकडचे चिन्ह धरा” असे सांगत राहिला आणि ती बिचारी भलत्याच चिन्हाकडे हात नेत राहिली. हेडसेटमधील दृश्य टॅब्लेटवर दाखवता येते. ते त्याने अर्ध्या तासाने सुरू केले, आणि मग बाबांसह सगळेच मत देऊ लागले. ही सेवा घेणाऱ्यांनी टॅब्लेट पहिल्या मिनिटापासून सुरू ठेवण्याचा आग्रह धरावा. आम्ही सरकत्या दारांचे कपाट नोंदवले आहे.