भट्टीतलं काचशिल्प : पात द व्हेर की जाड ओतकाम?

मनातलं काही काचेत मांडायचंय आणि त्यासाठी भट्टीच वापरायची, इथवर ठरलं असेल तर पुढचा प्रश्न पद्धतीचा. सपाट काचा वितळवून जोडणं, साच्यावर वाकवणं हे सरावाला छान, पण त्यातून बहुधा सुबक ताटल्याच निघतात. खरी निवड दोन पद्धतींत आहे : पात द व्हेर (फ्रेंचमध्ये 'काचेचा लगदा') आणि जाड ओतकाम.

पात द व्हेर ही जुनी पद्धत १९व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये शिल्पकार आँरी क्रोने पुन्हा रुजवली. काचेचा चुरा डिंकाच्या पाण्यात कालवून साच्याला आतून थापायचा आणि भाजायचा. कणांमध्ये बारीक हवा अडकते, म्हणून काच दुधाळ, रवाळ दिसते. उजेड आत शिरतो, पण आरपार दिसत नाही. आच थोडी कमी ठेवली तर कण जेमतेम चिकटतात, कडा भुरभुरीत राहतात. थकलेली त्वचा, पुसट होत चाललेली आठवण असले विषय इथे फार चांगले उतरतात. शिवाय रंग हवा तिथेच ठेवता येतो : गालावर फिकट, पापणीखाली जांभळट.

ओतकामात प्लास्टर आणि सिलिका (वाळूसारख्या खनिजाची बारीक पूड) यांच्या साच्यात काचेचे तुकडे भरून साधारण ८३० अंश सेल्सिअसला वितळवतात. इथे भाव नाकाडोळ्यांत कमी आणि जाडीत जास्त. चेक काचशिल्पकार जोडपं स्टानिस्लाव्ह लिबेन्स्की आणि यारोस्लाव्हा ब्रिख्तोव्हा यांनी चेहरे मागच्या बाजूने पोकळ कोरले : काच पातळ तिथे उजेड, जाड तिथे काळोख. एकच रंग, पण छटा असंख्य. मला विचाराल तर राग किंवा साचून राहिलेलं दुःख यासाठी याला तोड नाही.

मात्र ओतकाम संयम मागतं. काच सावकाश निववली नाही तर आत ताण राहतो आणि शिल्प कधीतरी, अगदी महिन्यानेही, तडकतं. जाडी दुप्पट झाली की निववायचा वेळ सुमारे चौपट. दहा सेंटिमीटरच्या ठोकळ्याला आठवडा सहज जातो. तेवढा वेळ भट्टी अडकते, विजेचं बिल वेगळंच. पातळ पात द व्हेर दोनेक दिवसांत हातात येतं, म्हणून चुकायला वाव मिळतो.

भट्टी भाड्याने घेणार असाल तर पात द व्हेरच धरा. सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक; साचा दोन्हीकडे तोच, तेव्हा चांगला मास्क दोन्हीकडे हवाच. ओतकामाचाच हट्ट असेल तर पहिला तुकडा पाच सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि काच अगदी फिकट रंगाची घ्या. गडद घेतलीत तर जाडीत ती काळीच दिसेल.