आबालालांच्या तळ्याकाठी एक दिवस : कोल्हापुरातील निसर्गचित्रण सहलीचा अनुभव

कोल्हापुरातील एका छोट्या चित्रकला वर्गातर्फे जुन्या पिढीतील चित्रकार आबालाल रहिमान यांनी रंगवलेल्या परिसरात नेणारी एक दिवसाची निसर्गचित्रण सहल काढली जाते. एप्रिल महिन्यात १,२०० रुपये भरून मी या सहलीत सहभागी झाले. या शुल्कात ड्रॉइंग बोर्ड, जाड हातकागदाचे तीन तुकडे, दुपारचे जेवण आणि दहा जणांच्या गटामागे एका शिक्षकाचे मार्गदर्शन एवढे मिळते. रंगपेटी आणि कुंचले मात्र आपले आपण न्यायचे असतात.

सकाळी साडेसहाला कोटीतीर्थ या तळ्याच्या काठी सुरुवात झाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि पुढे राजर्षी शाहूंच्या आश्रयाला असलेले आबालाल याच परिसरात दीर्घकाळ राहिले आणि १९३१ साली निवर्तले. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर शोकाच्या भरात त्यांनी आपली असंख्य चित्रे या तळ्यात सोडून दिली, अशी आख्यायिका कोल्हापुरात आजही सांगितली जाते. आमच्या सरांनी ती सांगितली, पण तिच्यातच ते रमले नाहीत, ही गोष्ट मला विशेष आवडली. त्यांनी लगेच सर्वांना पाण्याकडे पाहायला लावले. शांत पाण्यात काठावरचे गडद झाड थोडे फिकट होऊन उतरते, उजळ आकाश किंचित गडद होऊन उतरते, आणि या दोन छटांमधला नाजूक फरक जलरंगाच्या एका ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग थरात, पकडणे हेच तळ्याच्या चित्राचे मर्म असते, असे त्यांनी प्रत्यक्ष रंग लावून दाखवले. मी मात्र ज्या कोपऱ्यासमोर बसले होते तिथे प्रतिबिंबच नव्हते. पाण्यावर हिरवी साय धरली होती आणि तिच्यापलीकडे केंदाळाचा पट्टा पसरला होता. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाले की शेवाळ आणि केंदाळ कसे फोफावतात, हे मी पूर्वी वाचले होते. परंतु आकाशासाठी तयार केलेला निळसर करडा रंग पाण्यात कुठेच वापरता येत नाही, हे हातात कुंचला असताना कळले, तेव्हा त्या वाचलेल्या माहितीचे मला खरोखर दुःख झाले.

दुपारनंतर रंकाळा तलावावर गेलो. आबालालांनी रंगवलेला संध्यामठ, म्हणजे तलावातली जुनी दगडी वास्तू, उन्हाळ्यात पाणी उतरल्यामुळे चांगला उघडा पडला होता आणि त्याच्या दगडी खांबांवर कलते ऊन आले होते. दिवसातले सर्वांत समाधानाचे दोन तास इथेच गेले. मूळ चित्राशी समोरच्या दृश्याची तुलना करत, क्षितिजरेषेवर आता इमारती कुठे आल्या आहेत आणि झाडांची रांग कुठे तुटली आहे, हे सरांनी प्रत्येकाच्या बोर्डजवळ येऊन समजावले. इमारती चित्रातून गाळाव्यात की ठेवाव्यात, यावर गटात बरीच चर्चा झाली. सरांचे मत ठेवाव्यात असे होते आणि मलाही ते पटले, कारण आबालालांनीही आपल्या डोळ्यांसमोरचे कोल्हापूरच रंगवले होते.

दोन उणिवा मात्र नोंदवल्या पाहिजेत. तुलनेसाठी दिलेल्या आबालालांच्या चित्रांच्या छायाप्रती चकचकीत कागदावर आणि निळसर झाक येईल अशा छापल्या होत्या. जिथे सगळा विचार रंगछटांचा आहे, तिथे ही चूक लहान म्हणता येणार नाही. सहलीच्या आदल्या दिवशी टाऊन हॉल संग्रहालयात जाऊन कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांचे काम प्रत्यक्ष पाहण्याची सोय केली, तर हा दोष बराचसा भरून निघेल. दुसरे म्हणजे पंचगंगा घाटाला शेवटचा जेमतेम अर्धा तास मिळाला. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले होते. मोजक्याच दिवसांत एकदम कोसळणारा पाऊस आणि पूररेषेत पडलेले भराव यांविषयी सरांनी बोलायला सुरुवात केली, तोच अंधार पडला. घाटावरच्या मंदिरांचे दगड, त्यांवरचे गाळाचे पट्टे आणि नदीचा मातकट रंग यांच्यासाठी स्वतंत्र सकाळ हवी. पुढच्या वेळी कोटीतीर्थ आणि घाट यांची दोन दिवसांत विभागणी करावी, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.

शिकवण्याचा दर्जा आणि प्रत्येकाकडे दिलेले लक्ष पाहता शुल्क योग्य वाटते. जलरंगाचा थोडा तरी सराव असलेल्यांनी ही सहल जरूर करावी. अगदी नवख्यांना पहिला कागद वाया गेल्यासारखा वाटेल, म्हणून त्यांनी एक-दोन जादा कागद सोबत ठेवावेत. श्रावणातल्या सहलीसाठी मी पुन्हा नाव नोंदवले आहे. तेव्हा संध्यामठ पाण्याखाली असेल आणि मला रंकाळ्याच्या भरलेल्या पाण्यावरचे आकाश रंगवून पाहायचे आहे.