नंबर लागलाय, पण नवोदयला पाठवायचं का?

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, सहावीला प्रवेश परीक्षा देऊन तिथं जाता येतं. तिची निवड यादी लागली की एखादी आई शाळेत येते आणि दारातूनच विचारते, "मॅडम, पोरीचा नंबर लागला. पण पाठवू का?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. नवोदयला गेलेली मुलं मी पाहिली आहेत आणि नंबर लागूनही घरी राहिलेली मुलंही.

पैशाचं आधी सांगते. नवोदयला राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं मोफत. नववीपासून काहींना विकास निधी भरावा लागतो, मुलींना तोही माफ. मूल घरी राहिलं, सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकलं आणि घरचं उत्पन्न मर्यादेत असेल, तर आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. म्हणजे पैशावरून निर्णय अडायचं कारण नाही.

खरा फरक सोबतीचा. फळ्यावरचं गणित लिहून होण्याआधी ज्या मुलीचं उत्तर तयार असतं, तिला गावच्या वर्गात जोडीदार नसतो. "लई शहाणी" म्हणून चिडवलं की ती हात वर करायचं सोडते. उत्तर येत असूनही गप्प बसलेली मुलं बघून मला फार वाईट वाटतं. नवोदयला जिल्हाभरातून निवडलेली ८० मुलं एकत्र येतात, त्यातली किमान ७५ टक्के ग्रामीण भागातली. तिथं पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या आधी गणित सोडवतं. हे तिच्या भल्याचं आहे, पण सुरुवातीला झोंबतं. कायम पहिली येणारी पोर चाचणीत अधेमधे कुठंतरी येते आणि फोनवर रडते, "मला घेऊन जा." त्या दिवसांत मार्क विचारू नका. काय अडलं, कुणी समजावलं, मैत्रीण कोण झाली, हे विचारा. दिवाळीपर्यंत बहुतेक मुलं रुळतात. भाषाही बदलते. वरच्या वर्गांत गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं आणि नववीत काही मुलं वर्षभर हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयला जातात.

मग घरी कुणाला ठेवावं? एकाच गोष्टीत बुडणाऱ्या मुलाला. पाण्याची मोटर उघडून बसणाऱ्या, मुंग्यांच्या मागं दुपार घालवणाऱ्या मुलाला वसतिगृहाच्या घंटा जाचतात. त्याला मोकळा वेळ लागतो. अशा मुलाला होमी भाभा बालवैज्ञानिक या विज्ञानाच्या स्पर्धा परीक्षेला बसवा. ती सहावी आणि नववीसाठी असते, त्यात लेखीनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत येते. ओढ्याच्या पाण्यावरचा प्रकल्प आजोबांना सोबत घेऊन करता येतो. घरी ठेवलं की पालकांचं काम मात्र वाढतं. तालुक्याच्या वाचनालयाच्या खेपा घालाव्या लागतात, आणि त्याने विचारलेलं आपल्याला येत नसेल तर "मलाही ठाऊक नाही, चल शोधू," असं म्हणून खरंच शोधायला बसावं लागतं.

मुलीच्या बाबतीत मी आणखी एक विचारते. आई कामावर गेली की धाकट्याला कोण सांभाळतं, भांडी कोण घासतं? उत्तर "तीच" असेल, तर माझं मत नवोदयच्या बाजूनं. घरी तिची हुशारी कुणी नाकारत नाही, पण तिचा वेळ कुणी राखतही नाही.

ठरवण्याआधी मुलाला चार रात्री मावशीकडे किंवा आत्याकडे ठेवून बघा, फोन न करता. परत आल्यावर नवोदयचं त्यालाच विचारा आणि तो बोलत असताना मधे बोलू नका. सहावीची प्रवेश परीक्षा एकदाच देता येते, म्हणून निर्णय घाईत नको. आत्ता पाठवलं नाही तरी आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी पुन्हा फॉर्म भरता येतो. जागा मोजक्याच असतात, पण तोवर मूल तीन वर्षांनी मोठं झालेलं असतं.