जुना सर्व्हर घेताय? आधी डबा उघडून बघा, पुरात भिजलेलं मशीन गळ्यात मारतायत

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली ह्या पट्ट्यात कुणी घरी व्हर्च्युअल मशीन (एकाच खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारी वेगवेगळी मशीन, थोडक्यात व्हीएम) चालवायला जुना सर्व्हर नाहीतर वर्कस्टेशन घ्यायच्या विचारात असाल तर हे पूर्ण वाचा आणि मगच पैसे द्या. जरा लांबलंय, खरं मला ३८ हजाराला कसं गंडवलं ते बारकाव्यासकट कळायला पाहिजे, कारण तो माणूस अजून विकतोय आणि त्याचं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक डिप्लोमा-इंजिनिअरिंगची पोरं, घरच्यांकडून पैसे मागून लॅब उभी करणारी. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

माझं काम नेटवर्क आणि सर्व्हरचंच आहे. घरी प्रॅक्टिसला एक विंडोज डोमेन, तीन-चार लिनक्स, एक फायरवॉल आणि भाच्याला कुबरनेटीज (बऱ्याच मशीनवर मिळून अॅप चालवायची सिस्टीम) शिकायला थोडी जागा एवढं पाहिजे होतं. त्यानं दाखवला एक टॉवर, दोन झिऑन ई५-२६८० व्ही४, म्हणजे प्रत्येकी १४ कोर, दोन्हीचे मिळून ५६ थ्रेड, १६ जीबीच्या ८ पट्ट्या म्हणजे १२८ जीबी ईसीसी रॅम (स्वतःतली चूक पकडणारी), आणि ४ टीबीच्या दोन सीगेटच्या एंटरप्राइझ डिस्क. म्हणाला, "भावा, शिरोली एमायडीसीतल्या फौंड्रीच्या ऑफिसातलं मशीन हाय, एसीत होतं, टॅली सोडून ह्याच्यावर काय चाललं नाय. डोळं झाकून न्हे."

मी डोळे झाकून नेलं नाही. स्वतःच्या पेनड्राइव्हवरनं लिनक्स चालू केलं, प्रोसेसर तोच आहे का बघितलं, रॅम पूर्ण दिसते का, व्हर्च्युअलायझेशनचे दोन्ही पर्याय, व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी, बायोसमध्ये चालू होतात का, डिस्कचं स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काय सांगतंय, सगळं त्याच्यासमोर बघितलं. डिस्क चालल्याचे तास दाखवत होते ३६. तो म्हणाला, "डिस्क नव्याच टाकल्यात." फक्त एक गोष्ट त्यानं करू दिली नाही, बाजूचं पॅनल उघडायला. त्यावर दोन ठिकाणी चकचकीत स्टिकर, सील तुटलं की सहा महिन्यांची वॉरंटी गेली. बिलावर पण तसंच छापलेलं. हे स्टिकर वॉरंटीसाठी नव्हतंच, आतलं दिसू नये म्हणून होतं, हे लक्षात ठेवा.

घरी आणून प्रॉक्समॉक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवायची सिस्टीम, टाकलं आणि सुरुवातीला मशीन छान चाललं. पावसाळा लागला, हवा दमट झाली, आणि लॉगमध्ये ईसीसीचे एरर यायला लागले. आधी अधूनमधून एखादा, मग ओळीनं. एक दिवस रिबूट केल्यावर १२८ च्या जागी ११२ जीबीच दिसली. पट्ट्यांची अदलाबदल करून बघायला उघडावं लागणार म्हणून आधी त्याला फोन लावला, तर म्हणतो, "तू लोड लई टाकतोयस. आणि ते प्रॉक्समॉक्स फुकटातलं, त्येनं मशीन खराब होतंय, मी टाकून दिल्यालं विंडोजच ठेवायचं होतंस." हे धादांत खोटं आहे. प्रॉक्समॉक्स डेबियन लिनक्सवर उभं आहे, आत केव्हीएम (लिनक्समधलंच व्हर्च्युअल मशीनचं इंजिन) चालतं, २००८ पासून लोक वापरतायत, आणि मेमरीचा एरर प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर पकडतो, ऑपरेटिंग सिस्टीम तो फक्त लिहून ठेवते.

मग मी सील फोडलं. वरनं सगळं स्वच्छ, ब्लोअर मारलेलं, पंखे नवे. मदरबोर्ड सोडवून उलटा केला आणि तिथं सगळं कळलं. स्क्रूच्या पितळी खुंट्यांभोवती हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड, दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूच्या रॅम सॉकेटच्या पायांवर तसंच, आणि पॉवर सप्लायच्या आत तळापासून चार बोटं उंचीवर एक सरळ तपकिरी रेघ. रेघेच्या खाली कोपऱ्याकोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ, बोटानं खरवडला की पिठासारखा निघतोय. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पूर ज्यानं बघितलाय, पाणी ओसरल्यावर भिंतीवर, कपाटावर, फ्रीजवर उमटलेली ती रेघ ज्यानं घासून काढलीय, त्याला ही काय आहे ते सांगावं लागत नाही. एसीतलं ऑफिस म्हणे.

पाण्यात गेलेला बोर्ड वाळवला की चालू होतो, म्हणूनच तर विकता येतो. खरं गाळातले क्षार सॉकेटच्या आणि चिपच्या खाली तसेच राहतात, तिथंपर्यंत ब्रश पोचत नाही. उन्हाळ्यात काही जाणवत नाही. हवेत ओल आली की ते ओल धरतात, तांबं खातात, आणि एकेक पाय सुटत जातो. म्हणजे दुकानात बघताना मशीन खरंच चांगलं चालत असतं, आणि विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

आता डिस्क. ३६ तास हा आकडा मला तेव्हापासूनच खटकत होता कारण लेबलवरची तारीख बरीच जुनी होती. स्मार्टचे आकडे शून्य करता येतात. सीगेटच्या एंटरप्राइझ डिस्कमध्ये मात्र फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, डिस्कच्या नोंदी वाचायच्या स्मार्टमॉनटूल्स ह्या प्रोग्रामच्या ७.४ व्हर्जनपासून तो वाचता येतो. विकणाऱ्यासमोर चालवलेल्या पेनड्राइव्हवर जुनं व्हर्जन होतं, त्यात तो पर्यायच नव्हता. फार्मनं दोन्ही डिस्कचे ३१ हजारांवर तास दाखवले. वर्षाचे ८,७६० तास धरले तर साडेतीन वर्षं दिवसरात्र चाललेल्या डिस्क, नव्या म्हणून. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हेच मोठं प्रकरण उघडकीला आलं होतं, वापरलेल्या सीगेट डिस्क स्मार्ट शून्य करून नव्या म्हणून विकल्या जात होत्या, आणि ते ह्या फार्ममुळंच पकडलं गेलं. तेव्हा पेनड्राइव्हवर नवं व्हर्जन घेऊन जा.

विंडोज सर्व्हरचं "लाइफटाइम लायसन" म्हणून ४,५०० वेगळे लावलेले, ते ३८ हजारातच आले. विंडोजचं लायसन तपासायच्या एसएलएमजीआर कमांडला एक्सपीआर लावून बघितलं तर कायमचं अॅक्टिव्हेट असं न सांगता पुढं एक एक्सपायरीची तारीख. केएमएसवालं (मोठ्या कंपन्यांसाठीचं, परत परत नवं करावं लागणारं), १८० दिवसांचं, चोरीच्या टूलनं केलेलं. अरे पोरांनो, प्रॅक्टिसला लायसन विकत घ्यायची गरजच नाही, मायक्रोसॉफ्ट स्वतः सर्व्हरची १८० दिवसांची इव्हॅल्युएशन आवृत्ती फुकट देतं, ती एखाद्या व्हीएममध्ये टाका आणि शिका. होस्टला, म्हणजे खऱ्या मशीनला, प्रॉक्समॉक्स टाका, पैसे न भरता पूर्ण चालतं, लॉगिन करताना सबस्क्रिप्शन नसल्याचा निरोप येतो तेवढाच. विंडोज ११ प्रो आधीच असेल तर त्यात व्हीएम चालवायला हायपर-व्ही आहेच. व्हीएमवेअरचं ह्याच कामाचं फुकटचं ईएसएक्सआय ब्रॉडकॉमनं कंपनी घेतल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आणलं, त्यामुळं त्याच्या भरवशावर घरचं सगळं उभं करावं असं मला वाटत नाही. खरं कुणी "ईएसएक्सआयचं लायसन टाकून देतो, दोन हजार" म्हणाला तर तिथनं उठा.

विजेचं पण खोटंच सांगितलं. "एका बल्बएवढं खातंय." प्लगला मीटर लावला तर काहीही काम नसताना १२० वॅट. महिन्याला ८६ युनिट. महावितरणचे घरगुती टप्पे १०० आणि ३०० युनिटला बदलतात, आधीच २५० युनिट जाळणाऱ्या घरात हा एकटा डबा बिल वरच्या टप्प्यात नेऊन बसवतो. आता मी ऑफिसातनं निघालेला एक मिनी पीसी घेतलाय, आठव्या पिढीचा आय५, ३२ जीबी रॅम, रिकामा असताना १२ वॅटच्या आसपास, आणि माझ्या सगळ्या मशीन त्यावर निवांत चालतायत. ५६ थ्रेडचा आकडा ऐकून भुलू नका, घरच्या लॅबला आधी रॅम कमी पडते, कोर नंतर.

पैसे परत मागितल्यावर त्यानं तोड काढली, "रॅमच्या पट्ट्या लाखमोलाच्या हायत, काढून दुसऱ्या मशीनला लाव की." त्या रजिस्टर्ड ईसीसी, म्हणजे सर्व्हरच्याच पट्ट्या, साध्या डेस्कटॉपमध्ये खाचेत बसतात खरं मशीन चालू होत नाही, आणि मिनी पीसीच्या खाचा तर लॅपटॉपच्या मापाच्या. ज्याला माहीत नाही त्याला अजून एकदा फसवायचा प्रकार.

मी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, त्याला लेखी नोटीस पाठवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. बिलावर त्यानं "जुने साहित्य, चालू स्थितीत" एवढंच लिहिलंय, म्हणून तुम्ही घेताना बिलावर सिरीयल नंबर, डिस्क नव्या का वापरलेल्या आणि "पाण्यात भिजलेले नाही" हे शब्द लिहून घ्या. पूर म्हंटल्यावर ज्याचा पेन थांबेल त्याच्याकडनं घेऊ नका. पैसे यूपीआयनं द्या, त्याचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका, माझ्याकडं "डिस्क नव्याच टाकल्यात" हे लेखी आहे आणि सगळी तक्रार त्याच एका ओळीवर उभी आहे.

त्याच्या गोडाऊनमध्ये असलेच अजून काळे टॉवर एकावर एक रचलेले मी बघितलेत, प्रत्येक टॉवरला पुढं कुलपाचं दार, बाजूला तेच चकचकीत स्टिकर. कुणी दाखवले तर मोबाईलची टॉर्च मागच्या जाळीतनं पॉवर सप्लायच्या आत मारा, रेघ बाहेरनंच दिसते.