जळगावातील दोन दिवसांचा ओएसपीएफ वर्ग : डीआरची निवड नीट समजते का?

शनिवार-रविवार असे दोन दिवस चालणारा आणि ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलमधील (राउटरांनी वाटांची माहिती एकमेकांना देण्याच्या नियमांतील) डेझिग्नेटेड राउटरच्या, म्हणजे एका जोडणीवरील प्रमुख राउटरच्या (डीआरच्या), निवडीवर भर देणारा एक प्रशिक्षण वर्ग मी गेल्या महिन्यात जळगावात पूर्ण केला. शुल्क साडेतीन हजार रुपये होते, आम्ही बारा विद्यार्थी होतो आणि शिकवणारे सर एकच होते. वर्गाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवाही लिहिल्या आहेत आणि त्या मी सरांना समक्ष सांगितल्या आहेत.

मी या वर्गाला का गेलो ते आधी सांगतो, कारण माझे मत त्या अडचणीच्या कसोटीवर बेतलेले आहे. सावदा ते रावेर या पट्ट्यातील आठ केळी पॅकहाउसांचे नेटवर्क मी सांभाळतो. ही आठही ठिकाणे एका सामायिक इथरनेट जोडणीवर आहेत, म्हणजे आठ राउटर एकाच स्विचला लावल्यासारखे एकमेकांना दिसतात. वीज गेली आणि परत आली की पुढची दहा-पंधरा मिनिटे नेटवर्क डळमळत असे. शेजारी राउटर जोडले जात, तुटत आणि पुन्हा जोडले जात. तपासल्यावर दिसले की आठांपैकी सर्वांत जुना आणि सर्वांत कमी मेमरीचा राउटर डीआर होऊन बसलेला असे. या आठांतच असलेल्या मुख्य कार्यालयातील दणकट राउटरची प्रायॉरिटी (निवडीतील प्राधान्याचा आकडा; मोठा तो वरचढ) मी १०० केली होती आणि या जुन्या राउटरची मूळची १ तशीच होती, तरीही दर वेळी डीआर तोच. असे का होते, याचे उत्तर मला वर्षभर सापडले नव्हते. वर्गाच्या पहिल्या दिवशी दुपारी ते सापडले, आणि तेवढ्यासाठीही दिलेले पैसे मला योग्य वाटतात.

वर्गाची मांडणी साधी आहे. एका लांब टेबलावर पाच जुने राउटर आणि एक स्विच ठेवलेला असतो, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या संगणकावर एफआरआर हे मुक्त राउटिंग सॉफ्टवेअर आणि वायरशार्क हे नेटवर्कवरील पॅकेटे दाखवणारे साधन बसवलेले असते. सुरुवातीचा तास डीआर लागतोच कशाला, यावर गेला. एकाच जोडणीवरील प्रत्येक राउटरने इतर प्रत्येकाशी माहितीची पूर्ण देवाणघेवाण करायची म्हटली, तर पाच राउटरांत १० जोड्या होतात. डीआर आणि त्याचा बदली बीडीआर नेमला, तर इतरांनी फक्त या दोघांशी पूर्ण संबंध ठेवायचा असतो आणि जोड्या ७ उरतात. टेबलावर हा फरक किरकोळ दिसला, पण आमच्या आठ राउटरांत तो २८ विरुद्ध १३ असा होतो आणि वीस राउटर असते तर १९० विरुद्ध ३७ असा झाला असता. सरांनी हे गणित प्रत्येकाकडून वहीत करून घेतले, ते बरे केले.

त्यानंतरचा भाग हा या वर्गाचा खरा गाभा आहे. सरांनी पाचही राउटर एकदम चालू केले आणि आम्हाला फोनवरील स्टॉपवॉच लावायला सांगितले. चाळीस सेकंद काहीच घडले नाही. सगळे राउटर प्रतीक्षेच्या अवस्थेत होते, दर १० सेकंदांनी हॅलो पॅकेट, म्हणजे आपली हजेरी कळवणारा छोटा संदेश, पाठवत होते, परंतु डीआरच्या जागी सर्वांनी शून्येच भरलेली होती. वायरशार्कमध्ये ती पॅकेटे २२४.०.०.५ या पत्त्याकडे जाताना दिसत होती, आणि प्रत्येकात पाठवणाऱ्याची प्रायॉरिटी, त्याला माहीत असलेला डीआर, बीडीआर आणि त्याने ऐकलेल्या शेजाऱ्यांची यादी होती. चाळीस सेकंद संपताच शून्यांच्या जागी पत्ते उमटले. पुस्तकातील आकृतीत ही प्रतीक्षा कधी जाणवत नाही. सगळा वर्ग गप्प बसून ती मोजत असताना मात्र ती मनात पक्की बसते.

या निवडणुकीत मतपेटी नाही आणि निकाल जाहीर करणारा अधिकारीही नाही, ही गोष्ट सरांनी फार नेमकी समजावली. प्रत्येक राउटर आपल्या कानावर आलेल्या हॅलो पॅकेटांवर एकच ठरलेले गणित स्वतंत्रपणे करतो, आणि सर्वांनी तेच ऐकलेले असल्यामुळे सर्वांचे उत्तर सारखे येते. हे गणित जॉन मॉय यांनी लिहिलेल्या आणि एप्रिल १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २३२८ या ओएसपीएफचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजाच्या ९.४ या विभागात दिलेले आहे. तो विभाग सरांनी कागदाच्या चिठ्ठ्या मांडून आमच्याकडून पायरी-पायरीने सोडवून घेतला, आणि त्यातच मला आजवर न कळलेली गोष्ट कळली. आधी बीडीआर निवडला जातो, डीआर नंतर. स्वतःला डीआर म्हणवून न घेणाऱ्यांपैकी कोणी स्वतःला बीडीआर म्हणवत असेल तर त्यांतून, नाहीतर उरलेल्या सर्व पात्र राउटरांतून, सर्वाधिक प्रायॉरिटीचा बीडीआर ठरतो, आणि प्रायॉरिटी समान असल्यास मोठा राउटर आयडी (राउटरचा ओळख क्रमांक) जिंकतो. मग स्वतःला डीआर म्हणवणारा कोणी आहे का ते पाहिले जाते. कोणीच नसेल तर नुकताच निवडलेला बीडीआर डीआरच्या जागी सरकतो, आणि ज्याची भूमिका बदलली तो हे गणित पुन्हा एकदा करतो, म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा राउटर बीडीआर होतो.

माझ्या पॅकहाउसांचे कोडे या क्रमात उलगडले. स्वतःला डीआर म्हणवणारा राउटर आधीच हजर असेल, तर नव्याने आलेला कितीही मोठ्या प्रायॉरिटीचा असला तरी त्याला हटवत नाही. आमच्याकडे इन्व्हर्टर नेमका त्या एकाच जुन्या पॅकहाउसात होता. वीज गेली की इतर सात राउटर बंद पडत, हा एकटा चालू राहत असे आणि आपसूक डीआर होत असे. वीज आल्यावर इतर राउटर एकेक करून उठत आणि त्याला मान्यता देत, आणि शेवटी कित्येक मिनिटांनी चालू होणारा मुख्य कार्यालयातील राउटरही निमूटपणे तेच करत असे. सातही राउटरांशी एकाच वेळी माहिती जुळवण्याचे काम त्या जुन्या यंत्राला पेलत नसे आणि नेटवर्क डळमळत असे. धुळ्याहून आलेल्या एका विद्यार्थ्याने हा नियम अहिराणीत एका वाक्यात सांगितला : “एकदाव खुर्चीवर बसना म्हणजे तो उठस नही.” सरांनी ते फळ्यावर लिहिले आणि त्यामागचे कारणही सांगितले. डीआर बदलला की नव्या डीआरला त्या जोडणीची नेटवर्क एलएसए (जोडणीवर कोणकोणते राउटर आहेत हे सांगणारी नोंद) नव्याने काढावी लागते आणि सर्व राउटरांना वाटांचे गणित पुन्हा करावे लागते, म्हणून ओएसपीएफ श्रेष्ठ उमेदवारापेक्षा स्थैर्याला अधिक मान देतो.

सरांनी स्वतः वापरलेली सरपंच आणि उपसरपंचाची उपमा मला तितकी पटली नाही. एक प्रमुख आणि एक बदली, एवढ्यापुरती ती ठीक आहे, परंतु तिच्यामुळे कोणीतरी मते मोजतो असा समज होतो आणि उपसरपंच आधी निवडला जातो हे तर तीत बसतच नाही. शिवाय या उपमेतून आणखी एक चूक घडली. सारी वाहतूक डीआरमधून जाते, असे पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिले गेले. ते बरोबर नाही. डीआर हा वाटांविषयीची माहिती गोळा करून वाटण्यापुरता असतो, आणि दोन सामान्य राउटरांमधील प्रत्यक्ष पॅकेटे थेट एकमेकांकडे जातात. मी शंका विचारल्यावर सरांनी वाद न घालता ट्रेसरूट (पॅकेट कोणत्या वाटेने जाते ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिला, वाक्य पुसले आणि सर्वांना वहीतही दुरुस्त करायला लावले. शिक्षकाची ही वृत्ती मला साऱ्या यंत्रसामग्रीपेक्षा मोलाची वाटली.

टू-वे अवस्थेविषयीचा अर्धा तासही उत्तम होता. शेजाऱ्यांची यादी पाहताना डीआर किंवा बीडीआर नसलेले दोन राउटर एकमेकांपुढे फुल (पूर्ण देवाणघेवाण झालेली) न दाखवता टू-वे (फक्त परस्परांची ओळख पटलेली) दाखवतात, आणि नवशिके तो बिघाड समजतात. मीही एकदा रावेरला अर्धी रात्र याच कारणासाठी केबली बदलत बसलो होतो. त्या दोघांनी टू-वेवर थांबणे हीच योग्य स्थिती आहे, आणि ते आपले बदल २२४.०.०.६ या पत्त्यावर डीआर आणि बीडीआर यांनाच कळवतात, हे वायरशार्कमध्ये प्रत्यक्ष पाहिल्यावर शंका उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीआरची केबल काढण्यात आली. मधल्या स्विचमुळे इतर राउटरांच्या जोडण्या चालूच राहिल्या, म्हणून डीआर गेल्याचे त्यांना कळायला डेड टाइमरचे (हॅलो आले नाही तर शेजारी गेला असे मानण्याच्या मुदतीचे) चाळीस सेकंद जवळपास पूर्ण लागले. त्यानंतर बीडीआर लगेच डीआर झाला आणि त्याचे सर्वांशी संबंध आधीच जुळलेले असल्याने पुढे खोळंबा झाला नाही. जुना डीआर परत जोडला तेव्हा त्याला बीडीआरचीही जागा मिळाली नाही, कारण मधल्या काळात ती तिसऱ्याने घेतली होती. हे आधी ऐकून माहीत असलेल्यांनीही पडद्याकडे टक लावून पाहिले.

दुपारनंतर मात्र वर्ग उरकल्यासारखा झाला. आयएस-आयएस या ओएसपीएफसारख्याच दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलला जेमतेम पाच मिनिटे मिळाली. तेथे अशा प्रमुख राउटरला डीआयएस म्हणतात, त्याला बदली नसतो, प्रायॉरिटीचे मूळ मूल्य ६४ असते आणि अधिक प्रायॉरिटीचा राउटर आला की तो बसलेल्याला सरळ बाजूला करतो. एकाच प्रश्नाची ही दोन विरुद्ध उत्तरे शेजारी ठेवून तासभर बोलता आले असते. छापील टिपणे पूर्णपणे इंग्रजीत आहेत आणि त्यांतील आकृत्या पुसट आहेत, हीही उणीव आहे. मराठीतून इतके स्वच्छ शिकवणाऱ्या सरांनी टिपणेही मराठीत द्यावीत.

सर्वांत मोठी उणीव अशी की निवड कशी होते हे वर्ग शिकवतो, पण ती आपल्या हातात कशी ठेवायची हे शिकवत नाही. ज्या राउटरची प्रायॉरिटी ० केली तो कधीच डीआर किंवा बीडीआर होत नाही, हे एका वाक्यात सांगून पुढे गेले. मी घरी येऊन सहा पॅकहाउसांतील राउटर शून्यावर नेले, मुख्य कार्यालयाचा १०० वर ठेवला आणि फैजपूरचा ९० वर आणला. मग लक्षात आले की हे दोन्ही बंद असतील तर उरलेल्या सहांना डीआरच मिळणार नाही आणि त्यांच्यात एकही पूर्ण संबंध जुळणार नाही. म्हणून या दोन्ही ठिकाणी नवे इन्व्हर्टर बसवावे लागले. तेव्हापासून चार वेळा वीज गेली आणि चारही वेळा डीआर मुख्य कार्यालयातच राहिला. शून्य प्रायॉरिटीची ही दुसरी बाजू वर्गात सांगितली जायला हवी होती.

तसेच, ज्या इथरनेट जोडणीवर दोनच राउटर आहेत तिला पॉइंट-टू-पॉइंट म्हणून नोंदवले की निवडणूकच होत नाही आणि चाळीस सेकंदांची प्रतीक्षाही टळते, हे मला चहाच्या वेळी सरांशी बोलताना कळले. वर्गात तो विषय निघालाच नाही.

दोन-चार राउटर हाताळलेल्या आणि मास्क, गेटवे या गोष्टी येत असलेल्या माणसाने या वर्गाला जरूर जावे. अगदी नवख्याची मात्र पहिल्या दुपारपासून ओढाताण होईल. पुढच्या तुकडीत मी आमच्या रावेरच्या सहकाऱ्याला पाठवत आहे, आणि शून्य प्रायॉरिटीचा प्रश्न चहापर्यंत न थांबता वर्गातच, सर्वांसमोर विचारायला त्याला सांगितले आहे.