पेन्शनचा खड्डा कोण भरणार? चिली, स्वीडन, जपान

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा मार्च २०२३च्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात महाराष्ट्रभर घुमली. जुनी म्हणजे शेवटच्या पगारावर ठरणारी, सरकारी तिजोरीतून मिळणारी; नवी म्हणजे वर्गणी बाजारात गुंतवून जे जमेल त्यातून मिळणारी. जुनी की नवी, हे ठरवण्याआधी तीन देशांचा अनुभव बघा. सगळीकडे प्रश्न एकच: हिशेब कोलमडला तर भुर्दंड कुणाला?

चिलीचं उत्तर रोखठोक होतं: ज्याचा त्याला. १९८१मध्ये लष्करशहा पिनोशेच्या राजवटीने पगारातले १० टक्के ज्याच्या त्याच्या खात्यात, खासगी कंपन्यांकडे वळवले. मालकाचा वाटा काही नाही. लष्कराने स्वतःपुरती मात्र जुनीच व्यवस्था ठेवली, यावरून काय ते ओळखा! कागदावर सगळं चोख. पण हातावर पोट असलेल्यांची, मुलांपायी नोकरी सोडलेल्या बायकांची खाती भरणार कशी? २००८मध्ये सरकारला गरीब वृद्धांसाठी करातून पेन्शन द्यावी लागली. २०१९मध्ये लोक रस्त्यावर उतरले. कोरोनाकाळात संसदेने तीनदा खात्यातून पैसे काढू दिले आणि कित्येकांच्या खात्यात काहीच उरलं नाही. अखेर २०२५च्या कायद्याने मालकांवरही वर्गणी बसवली.

स्वीडनमध्ये वर्गणी पगाराच्या १८.५ टक्के. त्यातल्या १६ टक्क्यांतून आजच्या वृद्धांची पेन्शन जाते, तुमच्या नावावर फक्त नोंद होते, उरलेले २.५ टक्के बाजारात गुंतवतात. दरवर्षी घरी नारिंगी पाकीट येतं: किती जमलं, अंदाजे किती मिळेल. देणी डोईजड झाली की पेन्शन नियमानेच आखडते, मंत्र्याच्या सहीची वाट बघत नाही. २०१०मध्ये ती खरंच कमी झाली. (सरकारने मग निवृत्तांचा कर घटवून थोडी मलमपट्टी केली, मतं शेवटी तिथेही लागतातच.) अगदी कमी कमाई असलेल्यांना करातून किमान पेन्शन आहे.

जपानने २००४मध्ये नोकरदारांच्या वर्गणीला १८.३ टक्क्यांची मर्यादा घातली आणि पेन्शनवाढीला लगाम लावला. पण हा लगाम भाव वाढले तरच चालतो, आणि भावच वाढत नसल्याने तो पहिल्यांदा ओढला गेला थेट २०१५मध्ये.

माझं मत स्वीडनच्या बाजूने. फक्त ती व्यवस्था पगाराच्या चिठ्ठीवर चालते, आणि आपल्याकडे बहुतेकांना ती चिठ्ठीच मिळत नाही. जुन्या पेन्शनमध्ये भुर्दंड तिजोरीला, नव्यात बराचसा कर्मचाऱ्याला. शेतमजूर दोन्हींत नाही. त्याच्या वाट्याला फार तर गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये. तिजोरीतून वाढवायचंच असेल, तर मी आधी ते वाढवीन.